नकार देणाऱ्या वस्तू

जून उजाडला की बालवाड्यांत ‘पाऊस’ ही थीम येते. निळ्या कागदावर कापसाचे ढग चिकटतात, चित्रातल्या पाच छत्र्या मोजल्या जातात, पावसाचे गाणे होते, बेडूक रंगवला जातो. भाषा, गणित, कला, परिसर असे सगळे रकाने भरतात आणि याला कृतियुक्त, एकात्मिक शिक्षण म्हटले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानल्यापासून हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. चर्चा मात्र थीम कोणती घ्यावी, याच्यापुढे सरकत नाही.

तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीभर अक्षरे गिरवून घेणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या वयात मनगटाची हाडेही पुरती घडलेली नसतात. मोबाइलवर मोजणी शिकवणाऱ्यांशीही नाही. काळजी वाटते ती थीमवाल्यांची, कारण ते मुलांच्या बाजूचे आहेत आणि तरीही चुकत आहेत.

त्यांचे म्हणणे असे की, मुलाला जग अखंड दिसते, म्हणून विषय एका सूत्रात ओवावेत. पहिला भाग खराच आहे. पण मुलाला जग अखंडच दिसत असेल, तर ओवायचे काय? विषयांची फाळणी मोठ्यांनी केली आणि थीमचा धागाही मोठ्यांच्याच हातात. छत्री मोजणे आणि छत्री रंगवणे यांत समान आहे ते छत्रीचे नाव. मोजताना मुलाला जे सुचले, त्याचा रंगवताना काहीही उपयोग होत नाही. छत्रीच्या जागी फुगा ठेवला तरी दोन्ही कामे तशीच पार पडतील.

आता बादलीभर पाणी, एक तांब्या, दोन वाट्या आणि एक गाळणी ठेवा. तांब्या भरायला किती वाट्या लागतील? मूल म्हणते तीन. चौथी ओतली तरी तांब्या भरत नाही. शेजारची मुलगी मोठी वाटी घेते आणि तिचा आकडा वेगळा येतो. दोघांचे भांडण जुंपते. ‘काठोकाठ’, ‘सांडलं’, ‘अजून मावतं’ हे शब्द त्या भांडणात नेमके लागतात. गाळणीने पाणी का भरत नाही, हा प्रश्न कोणाला शिकवावा लागत नाही. इथे गणितावाचून भाषा अडते आणि भाषेवाचून गणित.

माझ्या दृष्टीने खरा भेद ‘हाताने केले की नाही’ हा नाहीच. वस्तू नकार देऊ शकते का, हा आहे. कापसाचा ढग कसाही चिकटवला तरी चालतो. तो चुकला की नाही, हे बाईंना सांगावे लागते. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी हे ओळखले होते. त्यांच्या लाकडी दट्ट्यांच्या पेटीत एक दट्ट्या मोठ्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो उरलेल्या भोकात जात नाही. मुलाला आपली चूक वस्तूकडून कळते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. साधन बदलले, तत्त्व टिकले. पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. तिथे परिसर हा विषय म्हणून वेगळा आणावा लागलाच नाही.

थीमने शब्द पुन्हापुन्हा कानावर पडतात, हे मान्य. गाणी-गोष्टी निवडायला ती सोयीची, हेही मान्य. पण ‘जड’ हा शब्द दहादा ऐकून येत नाही. ओल्या वाळूची आणि कोरड्या वाळूची बादली उचलल्यावर येतो. एका बाईंपुढे पंचवीस मुले असतात, ही अडचण सर्वांत खरी आहे. अंगणवाडी सेविकेकडे तर पोषण आहार आणि नोंदवह्याही असतात. मात्र पंचवीस ढग आदल्या रात्री कापून ठेवण्यापेक्षा वाळूचा ढीग तिला कमीच थकवील. जमीन ओली होईल, कपडे मळतील, घरी न्यायला काही तयार होणार नाही. पालकांनी हे सहन करायला हवे.

पालकांनो, शाळा पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रे पाहू नका. मुलांच्या हातातली कोणती वस्तू त्यांना ‘नाही’ म्हणू शकते, ते पाहा. आणि तशी एकही नसेल, तर ती मागा.