उम्मु अबीहा : लेकीला 'माय' म्हणताना

आमच्या काटोलकडे बाप आपल्या लहानग्या लेकीला सहज 'माय' म्हणतो. "काहून रडून राह्यली व माय?" या हाकेत लाड असतो. त्या शब्दात आणखी काही आहे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अरबीतही असाच एक शब्द आहे : उम्मु अबीहा, म्हणजे 'आपल्या पित्याची आई'. चरित्रकारांनी ह. फातिमा (रजि.) यांचे हे उपनाम नोंदवले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्मापूर्वीच त्यांचे वडील वारले होते आणि सहाव्या वर्षी आईही गेली. काबागृहापाशी सजद्यात असताना कुरैशांनी त्यांच्या पाठीवर उंटाची आतडी टाकली, तेव्हा ती दूर करायला धावून आली ती ही कोवळ्या वयाची मुलगी. पुढे हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईत प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याला जखम झाली. पाण्याने रक्त थांबेना, तेव्हा फातिमांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली. दोन्ही प्रसंग सहीह बुखारीत आहेत.

इथवर आपण सारेच सांगतो. प्रवचनांत मीही एवढेच सांगत आलो. परंतु अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत दुसरी बाजूही आहे. फातिमा (रजि.) आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत, त्यांचे चुंबन घेत आणि त्यांना आपल्या जागी बसवत. लेकीला आईचे नाव लाभले, तसा आईचा मानही मिळाला.

आपल्याकडे मात्र नाव राहते आणि जागा जाते. काही काळापूर्वी एका घरी वाटणीच्या बैठकीला मला बोलावले होते. अखेरच्या आजारात बापाचे सारे काही लेकीने केले होते. "हिने अब्बांची आई होऊन सेवा केली," असे भाऊ भरल्या डोळ्यांनी म्हणाले. त्या अश्रूंत खोटेपणा नव्हता. थोड्याच वेळात तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद आला. तिने माझ्याकडे पाहिले. मी चहाच्या कपाकडे पाहिले. आयुष्यभर कुरआन शिकवणाऱ्याची ही गत! सूरह निसाची अकरावी आयत मला त्या क्षणी आठवत नव्हती, असे कसे म्हणू?

त्या आयतीत मुलाला दोन मुलींइतका वाटा सांगितला आहे. म्हणजे मुलीचा वाटा ठरलेला आहे; तो कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याच आयतीत आईचाही वाटा आहे. म्हणून जिला 'पित्याची आई' म्हटले, तिला कोणत्या नात्याने वगळता येईल, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

"पण ती स्वखुशीने सोडते ना?" असे भाऊ विचारतात. माहेरचे दार बंद होईल या भीतीने दिलेला होकार खुशीचा कसा? सही न करणारी लेक लोभी ठरते. सारे घेणाऱ्या भावाला मात्र कोणी काही म्हणत नाही. तिचा वाटा आधी तिच्या नावावर करा, ताब्यात द्या. त्यानंतर तिला काही परत द्यावेसे वाटले, तर ती देईल.

मी त्या घरी पुन्हा गेलो. कागदाची नोंदणी अजून व्हायची होती. उशिरा का होईना, आयत वाचून दाखवली. मोठा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने बहिणीला आतून बोलावले आणि स्वतः खाटेवरून उठून तिला जागा करून दिली. कागदाचे काय ठरले, ते अजून मला कळलेले नाही.