धर्मगुरूवाचून घर

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेले एक विद्वान गृहस्थ आमच्या घरी उतरले होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी लेख पाहून ते भारावून परतले होते. माझ्या आईने त्यांना आपल्या मराठीत जेवायला बोलावले. ते हसून म्हणाले, ‘‘आजी, ही मराठी नव्हे.’’ त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण त्यानंतर ते असेपर्यंत आई फक्त तमिळमध्ये बोलली.

तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. दरबार गेला, दप्तर गेले. कावेरीच्या मुखाकडल्या गावांतून जी मराठी कुटुंबे राहिली, त्यांच्याजवळ भाषा उरली ती घरापुरती. तिला व्याकरण शिकवणारा कोणी नव्हता. तिच्यात तमिळ मिसळले, जुनी रूपे तशीच राहिली. ती अशुद्ध आहे असे म्हणणाऱ्याजवळ ज्ञान असते, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याने, ज्याने केवळ जपून ठेवले आहे त्याच्या घरात कसे शिरावे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मला भेटले ते मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या इतिहासात, आणि तेही आडवाटेने. आमच्याकडच्या हरिकथेवर मराठी कीर्तनाचा फार मोठा संस्कार आहे. साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तमिळ भागवतरांच्या तोंडी आजही आहेत. त्या कीर्तनाचा माग काढताना वाचनात आले की, १८८०च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएल समाजानेही हाच कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहामाचे, योसेफाचे आख्यान मराठीत लावले. देवळाबाहेर, शास्त्र्यावाचून, साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून धर्म ऐकावा, ही गरज त्यांनाही होती तर!

‘राब्बी’ म्हटले की मराठी कानाला आधी गहू-हरभऱ्याचा हंगाम आठवतो. इतका हा शब्द आपल्याला परका. गंमत अशी की कोकणातल्या या यहुद्यांनाही तो शतकानुशतके परकाच होता. त्यांना राब्बी नव्हता आणि ग्रंथही नव्हते. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा थांबवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुलांची सुंता करीत, अभक्ष्य टाळीत; हिब्रू विसरली होती, पण ‘शेमा’ ही एक प्रार्थना जन्मात, लग्नात, मरणात तोंडी येई. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करीत. एवढ्यावर त्यांचा धर्म उभा होता. पंडिताला ते अवशेष वाटतील, पण त्या घरांना तो पूर्णच होता.

मग डेव्हिड राहाबी आला. परंपरा त्याला फार मागच्या काळात नेते. अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. काळ कोणताही असो, त्याने जे केले असे सांगतात ते मला महत्त्वाचे वाटते. त्याने वंशावळ विचारली नाही. त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी पर व खवले नसलेले मासे न सांगता बाजूला काढले. त्यावरून त्याने हे आपलेच लोक आहेत असे ओळखले. मग त्याने झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी नेमले. परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि परीक्षकाला हवे ते उत्तर बायकांच्या हातात होते. पुढे मुंबईत १७९६ साली या समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले, तेही सॅम्युएल दिवेकर या सैनिकाच्या हातून. तो टिपूच्या कैदेत पडला होता असे सांगतात. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण आमच्याच कावेरीच्या बेटावर वसलेली, म्हणून ही गोष्ट मला उगीच जवळची वाटते.

दुसरी परीक्षा इस्राएलमध्ये झाली. १९४८नंतर हे लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांचे इतर यहुद्यांशी विवाह होऊ शकतात, असा निर्णय तेथील मुख्य राब्बींच्या मंडळाने १९६१ साली दिला. पण १९६२च्या सूचनांनुसार अशा विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी मागच्या पिढ्यांपर्यंत करायची होती. राब्बींची शंका निव्वळ आकसाची होती असे मी म्हणणार नाही. घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाला नसेल आणि स्त्रीने पुन्हा लग्न केले असेल, तर तिच्या संततीच्या विवाहावर त्यांच्या शास्त्रात कठोर बंधन येते. ज्या समाजात कोणी राब्बीच नव्हता, तेथे हे घटस्फोट कोणी लावले? प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने खरा होता. परंतु तो फक्त याच समाजाचे नाव घेऊन विचारला गेला, आणि तोही लग्न ठरवायला आलेल्या मुलामुलींना. ज्यांच्या आज्यांनी कोणी पाहात नसताना शनिवार पाळला, त्यांना त्या आज्यांची साक्ष द्यायला सांगितले गेले. आंदोलन झाले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. त्यानंतर सूचनांतून समाजाचे नाव वगळले गेले.

मात्र एकट्या घराने सारे होते असेही नाही. यहुदी सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जण कितीही श्रद्धावान असोत, काही प्रार्थना ते म्हणू शकत नाहीत. हा नियम मला प्रथम रुक्ष वाटला होता. आमच्या भजनमठात एक जण झांज घेऊन बसला तरी भजन सुरू होते, उरलेले मागून येतात. पण दहाच्या नियमात एक विलक्षण गोष्ट आहे: दहावा माणूस विद्वान असावा लागत नाही, त्याने फक्त यावे लागते. तो आला नाही तर इतर नऊ जण अडतात. कोकणातल्या गावांत स्थलांतरानंतर हा दहावा मिळेनासा झाला. दिल्लीच्या ज्यूडा हाईम सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे एझिकेल मळेकर, हेही मूळचे मराठी, स्त्रियांनाही दहांत धरू लागले. सनातनी राब्बी हे मान्य करणार नाहीत. मला मात्र ते माशांच्या त्या गोष्टीशी सुसंगत वाटते. ज्यांच्या हातांनी धर्म टिकला त्यांना मोजणीत घ्यायला फार उशीर झाला, इतकेच.

आमच्या गावातली मराठी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुले चेन्नईला, बंगळूरला, त्याहून दूर गेली. नातवंडे आईशी इंग्रजीत बोलतात आणि ती त्यांना मराठीत उत्तर देते. त्यांच्यापुढे ती संकोचत नाही.

तिला मी राहाबीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात मासे वर्ज्य. तरी बायकांनी काय केले ते तिला मी सांगण्यापूर्वीच कळले. मग तिने विचारले, तो नुसता ओळखून निघून गेला की शिकवायला राहिला?

राहिला, मी म्हटले. तिघांना शिकवून मग गेला.