उंबरा नसलेलं दुकान

आमच्या गावाकडं पूर्वी चप्पल विकत घेत नसत, करून घेत. गाव कागल तालुक्यातलं. कापशी तिथनं जवळ, त्यामुळं चपलेचा नाद गावालाच होता. माणूस दिसायच्या आधी त्याच्या पायताणाची करकर ऐकू यायची आणि नुसत्या आवाजावरनं आमची आजी सांगायची, "पाटलाचा थोरला आला बघ." ही चप्पल करणारा एक म्हातारा गावाच्या कडेला राहायचा. हिरडा, बाभळीची साल आणि चुना यांत कातडं कमावायचं, रापीनं कापायचं, कातड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळा म्हणून लावायचा नाही. मोट, नाडा, आसूड, चप्पल हे सगळं वर्षभर तो आमच्या घराला पुरवायचा आणि सुगीला पेंढ्या न्यायला यायचा. पैशाचा संबंध थोडाच.

माप घ्यायची त्याची रीत मला अजून आठवते. अंगणात कातड्याचा एक तुकडा टाकायचा, त्यावर आजोबांना पाय ठेवायला सांगायचा आणि कोळशानं कडेनं रेघ मारायचा. मग अंगठा दाबून बघायचा, टाच धरून बघायचा. आजोबांच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, तर पट्टा त्या बाजूला तेवढ्यापुरता ढिला. असं काम झाल्यावर तो पाणी मागायचा. आजी आतनं तांब्या आणायची आणि वरनं ओतायची. तो खाली ओंजळ धरायचा. पायाला त्याचा हात लागलेला चालायचा, तांब्याला लागलेला चालायचा नाही. आणि आम्ही चड्डीतली पोरं त्या म्हाताऱ्याला नाव घेऊन अरे-तुरे करायचो. तो आम्हाला 'धनी' म्हणायचा.

हे आधीच सांगून टाकलं, कारण अलीकडं माझ्या वयाची माणसं भेटली की एक हळहळ ऐकायला मिळते. सगळा धंदा मोबाईलवर गेला, माणसामाणसातला व्यवहार संपला, दुकानदाराचं तोंड बघून वस्तू घेण्यात जी माया होती ती गेली. मीही हे ऐकून पूर्वी मान डोलवायचो. अजूनही त्यातलं थोडं खरं वाटतं. पण ही माया कुणाच्या बाजूनं मोजली? अंगणात उभं राहणाऱ्याच्या, का ओसरीवर बसणाऱ्याच्या? समोरासमोरचा व्यवहार म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात एकाचं तोंड वर आणि एकाची ओंजळ खाली होती.

म्हाताऱ्याचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. त्याला मी आता आप्पा म्हणतो. शाळा सुटल्यावर तो कोल्हापूरला आला, सुभाषनगरात राहिला आणि चप्पल लाईनीतल्या दुकानांना माल घालू लागला. कोल्हापूरला आलेल्या माणसाला ही लाईन सांगायला नको. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि परत जाताना चपलेचा एक जोड न्यायचा, ही बाहेरगावच्या माणसाची रीतच. दारात लटकलेले जोड, आत बाकडं, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या पायाकडं बघूनच नंबर सांगणार. आप्पा त्या बाकड्यावर कधी बसला नाही. तो मागच्या बाजूनं पोतं घेऊन यायचा, डझनावर भाव ठरायचा, पैसे कधी आज, कधी पुढच्या बुधवारी. गिऱ्हाइकानं त्याला बघितलं नाही, त्यानं गिऱ्हाइकाला बघितलं नाही. म्हणजे करणारा आणि घालणारा यांची ताटातूट मोबाईलनं केलेली नाही. ती दुकानानं केव्हाच केली होती. पण दुकानाबद्दल एक न्यायाची गोष्ट बोलली पाहिजे. वादी तुटली तर माणूस दुकानात येऊन भांडायचा आणि दुकानदाराला ते ऐकून घ्यावं लागायचं. दुरुस्ती करून द्यावी लागायची. त्या चपलेबद्दल जबाब देणारं एक तोंड तिथं होतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि लाईन बंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, पंचगंगेचा महापूर येऊन गेलेला. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. कातड्याला ओल म्हणजे बुरशी. तयार माल घरात पडून, दुकानदार फोन उचलेनात, तेव्हा आप्पाच्या पोरानं मोबाईलवर फोटो काढून टाकायला सुरुवात केली. आधी व्हॉट्सअॅप, मग इन्स्टाग्राम, मग एका मोठ्या कंपनीच्या साईटवर. पहिली ऑर्डर पुण्याची आली, तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. आप्पा म्हणाला, "आरं, पाय न बघता चप्पल कशी करायची?" पोरगं म्हणालं, "नंबर दिलाय की त्यानं." आप्पा म्हणाला, "नंबर बुटाला असतोय. पायाला न्हाय."

त्याचं म्हणणं महिनाभरात खरं झालं. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत. तेल लावायचं, दोन-चार दिवस घरातल्या घरात घालायची, मग ती पायाची होते. हे बंगळूरच्या मुलीला कोण सांगणार? तिनं लिहिलं, चप्पल चावते, आणि एक तारा दिला. पोरानं ते वाचून दाखवलं तर आप्पाचा राग अनावर. "चावणारच की! आधी वळख तर होऊ दे." पुढं पोरानं प्रत्येक खोक्यात तेल कसं लावायचं त्याची चिठ्ठी घालायला सुरुवात केली. त्यानं बराच फरक पडला.

परत येणाऱ्या मालाचं दुखणं वेगळं. कंपनीचा नियम असा की गिऱ्हाइकाला पसंत पडलं नाही तर माल परत, पैसे परत, आणि जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्या माथ्यावर. एक जोड असा परत आला की त्याच्या तळाला अक्षतांचे दाणे चिकटलेले, पट्ट्यावर हळदीचा डाग. लग्नात मिरवून झालं आणि कारण लिहिलं होतं, 'माप बसलं नाही.' आप्पाची बायको, आमच्या वैनी, तो जोड हातात धरून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चोरली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं." मी त्यावर बराच विचार केला. चोराला आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं. इथं त्या माणसाला वाटत असणार की आपण एका कंपनीला फसवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला काय होतंय? त्या पट्ट्याची वेणी घालून एका बाईची बोटं दुखली असतील, हे त्याच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. समोर माणूस असता तर त्यानं हे केलं नसतं, असं मला वाटतं. इथं हळहळणाऱ्या मंडळींचं म्हणणं मला मान्य आहे.

पण याच घरात मी दुसरी बाजूही ऐकली. पोराला मी विचारलं, "एवढा तोटा सोसून हे कशाला करतोस? लाईनीत माल घाल की बाबांसारखा." तो म्हणाला, "काका, तिथं दुकानाच्या मागच्या दारानं जायला लागतंय. हितं मला कोण मागनं ये म्हणत न्हाय. कोण आडनाव इचारत न्हाय." त्यानं दुकानाला जे नाव दिलंय त्यात राजे आहे, शाही आहे, आडनाव नाही. मी हसलो, तोही हसला. पण त्या हसण्यात काय होतं ते दोघांनाही कळलं होतं. त्याच्या आज्यानं ओंजळ धरली, बापानं मागचं दार धरलं, आणि हा पहिला असा की ज्याच्या दुकानाला पुढचं-मागचं दारच नाही. उंबरा नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर उभं करायची सोयही नाही.

ही सोडवणूक खरी का? याचा विचार करताना मला कोल्हापुरातलंच दुसरं एक दुकान आठवतं. चप्पल लाईनीपासनं भाऊसिंगजी रोड काही लांब नाही. शाहू महाराजांच्या काळात तिथं गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. हे कांबळे महाराजांच्याच पदरी चाकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला होता. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. नुसतं भांडवल देऊन हात झटकले असते तर ते हॉटेल चाललं नसतं. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, कप तोंडाला लावणं यात त्या गोष्टीचा जीव आहे.

आता समजा, गंगाराम कांबळ्यांना तेव्हा मोबाईल असता. चहाची पूड पुडक्यात घालून त्यांनी घरोघर पाठवली असती, वर स्वतःचं नाव नसतं, धंदा जोरात चालला असता. अपमान टळला असता. आणि कोल्हापुरातल्या एकाही माणसाला आपला विटाळ सोडावा लागला नसता. पडद्याआडचं दुकान विकणाऱ्याला अपमानातनं वाचवतं हे खरं, पण घेणाऱ्यालाही बदलण्यापासनं वाचवतं. पोराची सुटका झाली. आमची कुठं झाली? आम्ही त्याच्या हातची चप्पल घालतो, त्याच्या घरी पाण्याचा घोट घेतलाय की नाही हा प्रश्न आम्हाला आता पडतसुद्धा नाही. मात्र हे म्हणून मी त्या पोरानं पुन्हा मागच्या दारानं जावं असं म्हणू शकत नाही. आम्ही सुधारावं म्हणून त्यानं किती पिढ्या दारात उभं राहायचं?

जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं, भारताचं नावही त्यात नव्हतं. इकडं गदारोळ झाला. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्यांनी आयुष्यात सुभाषनगराचं तोंड बघितलं नाही ते लिहीत होते, 'आमची चप्पल चोरली.' आप्पानं मला फोन करून विचारलं, "आमची म्हंजी कुणाची रं?" मला उत्तर देता आलं नाही. कायद्यानं त्याचं उत्तर आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नाव एका शहराचं, हात आठ जिल्ह्यांतले. पुढं कंपनीनं या चपलेचं मूळ मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबर 2025 मध्ये या दोन्ही महामंडळांशी करार होऊन 2000 जोड इथल्या कारागिरांकडनं करून घ्यायचं ठरलं. किंमत जोडाला आठशे युरोच्या आसपास. आप्पाला मी तो आकडा रुपयांत करून सांगितला. तो म्हणाला, "तेवढ्यात तर बैलजोडीचा एक बैल येतोय." मग म्हणाला, "चावली तर परत घेत्यात काय?"

आता महामंडळानं चपलेवर क्यूआर कोड लावायला घेतलाय. मोबाईल धरला की ती कुणी केली, कुठं केली, कशाची केली हे दिसतं. नकली मालाला आळा बसावा म्हणून हे चाललंय आणि ते चांगलंच आहे. पण आप्पाच्या घरात त्यावरनं वाद पेटला. नाव आलं की आडनाव आलं. आडनाव आलं की जे झाकून पोरानं पाच वर्षं धंदा केला ते उघडं पडणार. पोरगं म्हणतं, नको. गिऱ्हाईक काही बोलणार नाही, नुसतं पुढच्या दुकानावर जाईल, आणि ते का गेलं हे आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही. आप्पा म्हणतो, घालायचं. "आमच्या म्हाताऱ्यानं आख्ख्या गावाच्या पायात चपला घातल्या, एकावर तरी त्याचं नाव हुतं काय? आता कोण लिवून घेतंय तर तूच नको म्हणालाईस." मी दोघांचं ऐकलं. पोराची भीती खोटी आहे असं म्हणायची माझी छाती नाही, कारण मी ज्या घरात वाढलो ते घर मला माहीत आहे. तरीही मला विचाराल तर मी आप्पाच्या बाजूनं. नाव झाकून मिळालेला मान नावाला मिळत नाही, मालालाच मिळतो. फक्त त्याची किंमत त्या पोराला मोजायची आहे, मला नाही, म्हणून मी ते त्याला तोंडावर बोललो नाही.

वैनी इतका वेळ दाराशी बसून वेणी घालत होत्या. कातड्याच्या तीन बारीक पट्ट्या, एकावर एक, मान वर न करता. चपलेचं सगळं देखणेपण त्या वेणीत असतं आणि हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. वाद थोडा थंडावल्यावर त्यांनी पोराला विचारलं, "नाव घालायचं म्हणतासा, ते कुणाचं घालणार? ह्यांचं, का तुझं?"

पोरगं बापाकडं बघायला लागलं. आप्पा रापीला धार लावायला उठला.