नाव कोणी लावावे?

आपल्या जुन्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मुले-नातवंडे आज वैद्यकीय क्षेत्रात आहेत आणि त्यांतील अनेकांना कधी ना कधी संशोधनपर लेख लिहून वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवावा लागतो. त्या लेखाचे हस्तलिखित सिद्ध करणे हे मोठे चिकाटीचे काम असते. सारांश किती शब्दांचा असावा, तक्ते कोठे जोडावेत, नैतिकता समितीची मान्यता कशी नमूद करावी, रुग्णांची संमती घेतल्याचे कसे सांगावे, कोणाकडून अर्थसाहाय्य मिळाले ते कोठे लिहावे, या सर्वांचे नियम छापलेले असतात आणि ते पाळले की झाले. टंकण्यास सर्वांत कमी वेळ लागतो तो शीर्षकाखालील नावांच्या ओळीला. परंतु सर्वाधिक रुसवेफुगवे आणि सर्वाधिक असत्यही त्याच एका ओळीत साठलेले असते. एखाद्या लेखाला आपले नाव लावण्याचा अधिकार माणसाला नेमका कशाने प्राप्त होतो, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो तांत्रिक वाटतो. मुळात तो नीतीचा आहे.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा निर्देश येतो. तेथे टीका रचणारे म्हणून ज्ञानेश्वरांचे आणि ती उतरवून घेणारे म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. आणि गंमत अशी की ‘लेखक’ ही संज्ञा तेथे दुसऱ्यांना लावलेली आहे. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेली प्रत शुद्ध केली. शुद्धीचे काम आपण केले हे त्यांनी नोंदविले, परंतु ग्रंथात आपल्या पदरची ओवी घालणाऱ्याला मात्र कडक शब्दांत बजावले. रचणारा, उतरविणारा आणि शुद्ध करणारा या तिघांची कामे तेथे वेगवेगळी सांगितलेली आहेत व कोणीही दुसऱ्याच्या जागेवर बसलेला नाही. आधुनिक शोधनिबंधात मात्र ही सगळी कामे नावांच्या एका ओळीत दाटीवाटीने उभी असतात.

वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे बैठक झाली. हेतू साधा होता: हस्तलिखितांचे स्वरूप सर्वत्र सारखे असावे. त्यातूनच आजची वैद्यकीय नियतकालिक-संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उदयास आली. लेखक कोणास म्हणावे याविषयी या समितीने ज्या कसोट्या सांगितल्या, त्या आज चार आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, माहिती-संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. लेखाचा मसुदा लिहिण्यात किंवा त्याची बौद्धिक चिकित्सा करण्यात सहभाग हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि लेखातील कोणत्याही भागाविषयी शंका निघाल्यास तिचा छडा लावण्याचे उत्तरदायित्व पत्करण्याची तयारी हवी. ही चौथी कसोटी २०१३ साली जोडली गेली. चारही कसोट्या पूर्ण व्हाव्या लागतात. ज्याने साहाय्य केले पण ज्याला या कसोट्या लागू होत नाहीत, त्याचे ऋण शेवटी स्वतंत्र परिच्छेदात मानावे, असा दंडक आहे.

आयुष्य शासकीय सेवेत गेलेल्या माणसाला येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. नस्तीवरील टीप लिपिक लिहितो, मसुदा कक्ष अधिकारी सुधारतो, सही सचिव करतो आणि आदेश निघतो तो राज्यपालांच्या नावाने. राज्यपालांनी त्यातील एक अक्षरही लिहिलेले नसते. मग दुसऱ्याने लिहिलेल्या लेखाला विभागप्रमुखाने नाव लावले तर एवढा गहजब कशासाठी? उत्तर असे की, शासनाच्या आदेशात फसवणूक कोणाचीच होत नाही. तो कसा तयार होतो हे सर्वांस ठाऊक असते, आणि मुख्य म्हणजे ज्या ज्या हातांतून टीप गेली त्या प्रत्येकाची आद्याक्षरे नस्तीत कायम राहतात. उद्या चौकशी निघाली तर कोणी काय लिहिले ते पानावर दिसते. शोधनिबंधाला अशी नस्ती नसते. वाचणारा डॉक्टर वरच्या नावांवर विश्वास ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यानुसार औषध लिहून देतो. त्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे ‘हे मी पाहिले आहे, हे मला माहीत आहे’ अशी साक्ष असते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणाऱ्यास न्यायालयात जे म्हणतात, तेच येथेही म्हणावे लागेल.

ही खोटी साक्ष दोन प्रकारे दिली जाते. काम न करता नाव लागते, किंवा काम करूनही नाव लपते. दुसरा प्रकार अधिक घातक. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीवरील औषध हृदयविकार व पक्षाघाताच्या वाढत्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून मागे घेण्यात आले. त्यासंबंधीच्या खटल्यांत उघड झालेल्या कागदपत्रांचा अभ्यास अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आला. उत्पादक कंपनीच्या माणसांनी वा भाडोत्री लेखन-संस्थांनी तयार केलेल्या लेखांवर विद्यापीठांतील डॉक्टरांची नावे कशी पुढे केली जात, हे त्यातून दिसले. ज्याचा स्वार्थ होता तो पडद्याआड राहिला आणि ज्याची प्रतिष्ठा होती तो पुढे आला.

पहिला प्रकार आपल्याकडे फार सौम्यपणे घेतला जातो. पदोन्नतीला शोधनिबंधांची संख्या लागते, म्हणून मित्र मित्राचे नाव घालतो. आणि गुरूंचे नाव तर कृतज्ञतेपोटीच घातले, असे सांगितले जाते. गुरूंविषयीची कृतज्ञता ही आपल्या संस्कृतीतील थोर गोष्ट आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु निवृत्तिनाथांचे ऋण ज्ञानेश्वरांनी पदोपदी मानले. म्हणून ग्रंथ निवृत्तिनाथांच्या नावे चढविला नाही. कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी खोटे बोलावे लागत असेल, तर ती गुरूंना दिलेली दक्षिणा राहत नाही. ती वरिष्ठांना दिलेली खंडणी होते. आणि जो गुरू शिष्याच्या श्रमावर आपले नाव मुकाट्याने लावू देतो, तो त्याला संशोधनाबरोबर आणखी एक धडा देत असतो. शिष्य पुढे विभागप्रमुख झाल्यावर तो धडा तंतोतंत गिरवतो.

याहून अवघड आक्षेप प्रामाणिक माणसांकडून येतो. आजचे संशोधन दहा-वीस जण मिळून करतात. शल्यविशारदाला संख्याशास्त्र कळत नाही, संख्याशास्त्रज्ञाने रुग्ण पाहिलेला नसतो. मग प्रत्येकाने सर्वांची हमी कशी द्यावी? कोविडच्या साथीत, २२ मे २०२० रोजी, ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांची माहिती त्यात असल्याचा दावा होता. लेखाला चार नावे होती. मूळ माहिती मात्र त्यांपैकी एकाच्या खासगी कंपनीकडे होती. शंका निघताच उरलेल्या तिघांनी तपासणी मागितली, मूळ माहिती मिळेना, तेव्हा ४ जून रोजी त्यांनी लेख मागे घेतला. तत्पूर्वी औषधाच्या काही चाचण्या जगभर स्थगितही झाल्या होत्या. मागे घेण्याचा त्यांचा निर्णय योग्यच होता. पण जो प्रश्न त्यांनी प्रसिद्धीनंतर विचारला, तो हस्तलिखित सिद्ध होत असतानाच विचारता आला असता. सहकाऱ्यावर विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. विश्वासाच्या नावाखाली विचारण्याचे कष्ट टाळणे हा दोष आहे. सर्वांनी सर्व जाणावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. कोणते काम कोणी केले हे माहीत असावे, आणि शंका आल्यास तिचे उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू नये, एवढे तरी नाव लावणाऱ्याकडून मागता येईल. २०२३ साली याच संपादक-समितीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणून मान्यता नाकारली, तीही याच न्यायाने: यंत्र मजकूर लिहू शकते, पण त्याला जाब विचारता येत नाही.

हा जाब कोणासाठी मागायचा? हैदराबादकर वाचकांना बेगमपेठेतील रोनाल्ड रॉस यांच्या संशोधनाची इमारत ठाऊक असेल. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. डिसेंबरमध्ये त्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते डास ज्याच्या अंगावर बसले होते, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर चाव्यामागे एक आणा मिळाला होता. आज असा प्रयोग सहज करता येणार नाही, आणि केला तर रुग्णाचे नाव छापता येणार नाही. ते गुप्त राखणे हे आता लेखकाचे कर्तव्य आहे. म्हणजे ज्याने देह दिला तोच लेखात निनावी असतो. त्याच्यावर अन्याय झाला, तर ज्या दारावर थाप मारायची ते दार लेखकाच्या नावाचेच. ते नाव पोकळ निघाले, तर त्या निनावी माणसाला दादच उरत नाही.

नाव लावण्याइतकेच नाव काढून घेणे हेही नैतिक कृत्य असू शकते. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी ही नलिकाबालक असल्याचे जाहीर केले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा झिडकारला, परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची अनुमती त्यांना मिळाली नाही, त्यांची बदली झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. समितीचा तो निष्कर्षही कोणाच्या तरी नावानेच दिला गेला होता, हे शासकीय सेवेतील माझ्यासारख्यांनी विसरू नये. पुढे १९८६ साली मुंबईत जन्मलेले बालक भारतातील पहिले नलिकाबालक मानले गेले. त्या यशामागील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे आली. ती अभ्यासून त्यांनी १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. तो मान अकरा वर्षे त्यांच्या स्वतःच्या पदरात होता. त्यांच्याकडे तो कोणी मागितला नव्हता, आणि ज्याला द्यायचा तो हयात नव्हता.

हस्तलिखितावर नाव टंकताना नव्या संशोधकाने आपल्याला काय मिळेल याचा हिशेब जरूर करावा. तो मनुष्यस्वभाव आहे. त्याबरोबर एवढेही स्वतःस विचारावे: उद्या या लेखातील एखादे वाक्य खोटे ठरले, तर ते माझे आहे असे मी म्हणेन काय? उत्तर ‘होय’ असेल, तरच नाव लावावे.