चौदावा दिवस

आमच्याकडे माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी सावडणं, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडजेवण. कडू घास कुणी घालायचा, दुखवट्याचं कापड कुणी आणायचं, सगळं ठरलेलं. चौदाव्या दिवसाला मात्र नावच नाही. त्या दिवशी पाहुण्यांच्या पिशव्या रिक्षात चढतात, उसन्या सतरंज्या परत जातात, आणि घरात तेवढीच माणसं उरतात ज्यांचं खरोखर काही गेलेलं असतं. मी तेव्हा अकरावीत होतो. अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते आणि नोकरीत असतानाच गेले.

त्याच सुमारास एका पहाटे नळ आले. आमच्या शहरात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कित्येक दिवसांनी येणारं पाणी चुकलं की पुढच्या पाळीपर्यंत वणवण. आम्हा तिघांपैकी कुणालाच वाराचं भान नव्हतं. सकाळी आईनं हौदाचं झाकण उचललं तर तो काठोकाठ भरलेला. शेजारच्या काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून पाइप टाकून आधी आमचा हौद भरला होता, मग स्वतःचा. तेराही दिवसांत त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नव्हता. आईला आजही त्या दिवसांतल्या भेटायला आलेल्यांची नावं आठवत नाहीत, हौद आठवतो.

हे पाणी जायकवाडीहून, म्हणजे पैठणहून येतं. आणि पैठण म्हटलं की मला आईवडिलांविना उरलेली चार भावंडं दिसतात. त्यांचं मूळ गाव आपेगाव, पैठणजवळच. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, ते त्यांनी घेतलं, आणि तरीही मुलांना सांगण्यात आलं की पैठणहून शुद्धिपत्र आणा. परंपरा हे साल १२८७ मानते. त्या हिशोबानं थोरला निवृत्ती चौदाचा, धाकटी मुक्ताई आठ वर्षांची. आपण ही कथा रेड्याच्या मुखातल्या वेदांसाठी सांगतो. मी मात्र दर वेळी त्या कागदापाशी अडतो. आईबाप गमावलेल्या लेकरांना गावानं विचारलं काय, तर दाखला आहे का.

शहराच्या दुसऱ्या अंगाला वेरूळ आहे, भोसल्यांचं गाव. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा शहाजी आणि शरीफजी लहान होते. त्यांना वाढवलं ते चुलत्यानं, विठोजीराजांनी. विठोजींना स्वतःचे आठ मुलगे. तरी भावाची दोन मुलं त्यांनी पदराखाली घेतली, त्यांची जहागीर सांभाळली. इतिहासाच्या पुस्तकात विठोजींच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. ते वाक्य काढून टाकलं तर शहाजीराजे उभे कशावर राहतात, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बापाचा पराक्रम गाणारे पुष्कळ असतात. बापाच्या माघारी त्याच्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि शिक्षणाची काळजी वाहणाऱ्यांचे पोवाडे कुणी रचत नाही.

आमच्या घरी विठोजी आले ते चौदाव्या दिवशी, पहिली पाळी सुटल्यावर, कारखान्याच्या खाकी शर्टावरच. अण्णांच्या खात्यातले काका. चहाला नको म्हणाले आणि विचारलं, "वहिनी, रेशनकार्ड कुठं ठेवलंय?" मग पुढचा दीड महिना ते पाळ्या बदलून माझ्याबरोबर फिरले. भविष्यनिर्वाह निधीसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या विम्यासाठी ५-आयएफ. हा विमा आज ७ लाखांपर्यंत असतो. कामगाराला त्यासाठी पगारातून एक पैसा भरावा लागत नाही, म्हणूनच कितीतरी घरांना तो असतो हेच ठाऊक नसतं. पत्नीबरोबर दोन मुलांनाही पंचवीस वर्षांपर्यंत पेन्शन मिळते, हेही मला त्यांनीच सांगितलं. एका कार्यालयात नावातल्या एका अक्षरावरून आम्हाला तीनदा परत पाठवलं. तिन्ही वेळा काका शांतपणे म्हणाले, "चल, उद्या येऊ."

स्कूटरवर ते अण्णांबद्दल बोलत. घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माझा बाप कँटीनमध्ये सगळ्या सुपरवायझरांच्या नकला करायचा, हे मला बाबा पेट्रोल पंपाच्या सिग्नलला कळलं. मी मागे बसून हसलो आणि मग रडलो. वडील आपल्याला घरापुरतेच माहीत असतात. उरलेले वडील असे दुसऱ्यांपाशी ठेवलेले असतात, आणि ते देणाऱ्यांना आधी दारात यावं लागतं.

शेवटचा फॉर्म दिला त्या दिवशी मी विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"तुझ्या अण्णानंच शिकवलं," ते म्हणाले. काही वर्षांपूर्वी खात्यातला एक हेल्पर गेला होता. त्याच्या बायकोसाठी अण्णा असेच फिरले होते, आणि आम्हाला घरी त्याचा पत्ताही नव्हता. काकांनी खिशातली डायरी काढून मागचं पान उघडलं. अक्षर अण्णांचं होतं, तिरपं, मोठं.

मृत्यूचा दाखला, मूळ १, झेरॉक्स ४. नॉमिनीचं नाव तपासणे. वहिनींचं बँकेत खातं आधी उघडणे.

शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ ओढलेली होती.