न विचारलेलं सांगणं

गेल्या पावसाळ्यात बडोद्याहून सुरतेकडे जात होते. पाऊस उघडला होता, पण पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर आला. मी पाण्याचा खटका ओढला. पाणी आलंच नाही. कोरड्या वायपरने चिखल काचभर सारवला आणि पाच-सहा सेकंद मला रस्ता दिसला नाही.

दोन दारांची ही जुनी स्पोर्ट्स कार मी हौसेने घेतली, तेव्हा विकणारा या टाकीबद्दल काही बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. मिस्त्रीने बंपर उतरवला, तर टाकीच्या सांध्यावर इपॉक्सीचा लेप आणि त्यावर काळा रंग. टाकी पॉलिइथिलीनची, त्यावर इपॉक्सी धड चिकटत नाही, हादऱ्यांनी सुटतं. शिवाय पंप टाकीत बसतो तिथली रबरी रिंग कडक झाली होती. रिंग बदलली, चीर त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून सांधली. टाकी भरली आणि रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता.

यंदा गाडी विकायला काढली. टाकी आता गळत नाही. मग जुनी चीर सांगायची का?

सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिकिइस’च्या तिसऱ्या भागात असाच पेच आहे, घरविक्रीचा. दोष फक्त मालकाला ठाऊक आहेत. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढं सांगावं. गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं. सिसेरो शिष्याच्या बाजूने आहे. आपला 1930 चा मालविक्री कायदा, काही अपवाद सोडले तर, गुरूच्या जवळचा: गिऱ्हाइकाने आपलं आपण पाहून घ्यावं.

पण पाहून घेणार कसं? बंपरमागे कोण डोकावतो? ज्याला दोष असल्याची कल्पनाच नाही, तो प्रश्न तरी काय विचारणार?

इथे मला माझाच धंदा आठवला. आठ वर्षांपूर्वी एका बंगाली कथेतल्या दोन ओळी मला उलगडल्या नाहीत. बोलीतले शब्द होते. विचारायचा कंटाळा केला आणि मराठीत गुळगुळीत वाक्यं बसवून दिली. कुणालाच खटकलं नाही. मूळ भाषा येत नाही म्हणून तर वाचक माझ्याकडे येतो. तो मला विचारू शकत नाही, याचाच मी फायदा घेतला. काळा रंग मीही लावला होता.

गाडी बघायला आलेल्या मुलाला मी चीर, लेप, सांधा सगळं सांगितलं.

“ताई, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं,” तो म्हणाला आणि दोन हजार कमी करून मागितले. मी दिले.

त्याच रात्री संपादकांना पत्र लिहिलं: कथेची पुढची आवृत्ती निघणार असेल, तर त्या दोन ओळी मला पुन्हा करायच्या आहेत. तेव्हा मला त्या कळल्या नव्हत्या.