बटणाचं नाव

पारोळ्यात, धुळे-जळगाव महामार्गालगतच्या घरी ऐन कापूस वेचणीत पुण्याहून पुतणी आली आहे. शेतकऱ्यांसाठी हवामानाचं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये ती काम करते.

पुतणी : आप्पा, एका बटणाच्या नावावरून आमच्यात वाद पेटलाय. ते दाबलं की फोनचं नेमकं ठिकाण आम्ही घेत नाही. पण इंटरनेट जोडणीवरून जिल्ह्याचा अंदाज काढत राहतो, पावसाचा इशारा पाठवायला. निम्मे म्हणतात, नाव द्या 'लोकेशन बंद'.

आप्पा : आणि बंद होतं का?

पुतणी : नेमकं ठिकाण तेवढं बंद होतं. बाकीचं खाली बारीक अक्षरांत लिहू.

आप्पा : बारीक अक्षरांसाठी चष्मा कोण शोधतं? मी दाबून मोकळा होतो.

पुतणी : म्हणूनच नाव छोटं हवं ना! गुगलचंही असंच झालं. 'लोकेशन हिस्ट्री' बंद केली तरी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' या दुसऱ्या सेटिंगमधून ठिकाणाची नोंद होत राहायची. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने ते उघड केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली.

आप्पा : त्या दुसऱ्या नावात लोकेशनचा उल्लेखच नाही. माणूस शोधणार कुठे?

पुतणी : पण पहिलं बटण आपल्यापुरतं खरंच बोलत होतं. ती हिस्ट्री बंद व्हायचीच.

आप्पा : शब्द खरा असेल. पण दाबल्यावर माणूस काय समजून निश्चिंत झाला, ते बघ.

पुतणी : लोकांच्या समजुतीची जबाबदारीही आमची? प्रत्येक नाव काहीतरी गाळतंच. तुमचा हमीभाव सगळं सांगतो का?

आप्पा : नाही सांगत. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,५२१ रुपये होता, तोही ८ टक्के ओलाव्याला. १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे माल परत. पण ही अट गाडी भरण्याआधी ठाऊक असते, म्हणून मी कापूस वाळवून नेतो. केंद्रावर काटा लागल्यावर कळली असती, तर शिव्या दिल्या असत्या. गाळलेली गोष्ट आधी कळली असती तर माणूस वेगळा वागला असता का? असता, तर ती वरच लिहायची.

पुतणी : 'जिल्हा कळत राहील' असं वर लिहिलं की घाबरून कोणी ॲपच काढून टाकेल. मग वेचणीला आलेला कापूस पावसात भिजला, तर खऱ्या नावाने त्याचं भलं केलं का?

आप्पा : नुकसान झालं, हे खरं. पण ठरवलं त्याने. तू त्याच्या भल्यासाठी झाकतेस, दुसरा स्वतःच्या फायद्यासाठी झाकेल. फोनवर दोघांचं बटण सारखंच दिसतं.

पुतणी : हं. हेतू काही स्क्रीनवर दिसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. पण आमच्या बटणाला नाव कोणतं द्यायचं, ते आम्हालाच ठरवायचंय.

आप्पा : साधं आणि खरं नाव सापडत नसेल, तर नावात खोट नाही, बटणात आहे. एकात दोन गोष्टी कोंबल्यात तुम्ही.

पुतणी : वेगळ्या करता येतील. एक बटण नेमक्या ठिकाणाचं, दुसरं जिल्ह्याच्या अंदाजाचं. दुसरंही बंद केलं तर यादीतून तालुका निवडायचा. पारोळा निवडलं की अंदाज न काढताही इशारा येईल.

आप्पा : मग अडलं कुठे?

पुतणी : काम वाढतं, साहेब कुरकुरतील. शिवाय 'नेमकं ठिकाण बंद, जिल्हा कळत राहील' एवढं बटणात मावत नाही.

आप्पा : मग बटण मोठं करा की, माय!